खालच्या फळीवरचे ड्रम

१

भागीबाईच्या पोटावरची पट्टी उचलली आणि मला नाकाला पदर लावावासा वाटला. लावला नाही. पेशंटसमोर नर्सने ते करायचं नसतं, हे गेली सव्वीस वर्षं मी पोरींना बजावत आलेय.

"काय ओ बाई, गप का झाल्या? लय चिघळलंय का?" भागीबाईने मान उचलून विचारलं. पंचवटीत भाजी विकणारी बाई ती. समोरच्याचा चेहरा वाचण्यात तिची हयात गेलेली.

"थोडा पू आहे. साफ करू."

"थोडा म्हणता आन् तोंड एवढं करता?"

हर्नियाचं साधं ऑपरेशन. शनिवारी झालेलं. गुरुवारपर्यंत टाके कोरडे ठणठणीत असायला हवे होते. त्याऐवजी दोन टाके उसवले होते आणि जखम लालभडक होऊन हाताला गरम लागत होती. त्या सकाळी अशी दिसलेली ती चौथी पेशंट. एखादीचं झालं असतं तर नशिबावर ढकललं असतं. चौघांचं होतं म्हणजे दोष आमच्याच घरात होता.

मी छाया काठे, इंदिरानगरच्या वनमाला ट्रस्ट हॉस्पिटलची मेट्रन. ही गोष्ट २००४ सालच्या दसऱ्यानंतरची. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल. ऐंशी खाटा, चाळीस नर्सेस आणि पेशंटमागे चार-चार नातेवाईक सांभाळून बघा, मग तुमच्या जिभेला साखर राहते का ते सांगा.

आमचे प्रमुख डॉ. गर्गे यांनी दहा वाजता सगळ्यांना बोलावलं. ऑपरेशन थिएटरला कुलूप घालून ते आले होते. "शनिवारी आणि सोमवारी मिळून अकरा ऑपरेशनं झाली, त्यातली चार चिघळली," ते म्हणाले. "आणि कारण मला माहीत आहे." त्यांनी बोट दाखवलं ते जीवनकडे.

जीवन आमचा इंजिनिअर. एकतीस वर्षांचा, पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. हॉस्पिटलच्या मागे त्याने दोन वर्षं खपून एक प्लांट उभा केला होता. अंघोळीचं आणि धुलाईचं पाणी रेती-खडीतून, मग कर्दळीच्या वाफ्यांतून गाळायचं, वेगळ्या टाकीत चढवायचं आणि संडासाला, बागेला वापरायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या दारात पाण्याचा एकही टँकर उभा राहिला नव्हता. आधी कसे दिवस काढले ते मला ठाऊक आहे. डिलिव्हरी झालेल्या बाईला अर्धी बादली देताना माझा जीव तुटायचा.

"तुझं ते घाणेरडं पाणी थिएटरच्या नळात शिरलंय," डॉ. गर्गे म्हणाले. "सोमवारी ट्रस्टची मीटिंग आहे. प्लांट फोडायचा आणि तुला घरी पाठवायचं, असे दोन ठराव मी मांडणार आहे."

जीवनच्या तोंडून शब्द फुटेना. तो पोरगा बोलण्यात कच्चाच. पाइप जोडायला सांगा, हाताला जादू आहे त्याच्या. स्वतःची बाजू मांडायला सांगा, की बुटांकडे बघत राहतो. मला त्याचा रागच आला, आणि त्या रागातच मी उभी राहिले.

"सर, सोमवारपर्यंत मला बघू द्या."

"काठे सिस्टर, तुम्ही काय डिटेक्टिव्ह आहात?"

"नाही. मेट्रन आहे. पोरींनी लपवलेलं प्रेमप्रकरणसुद्धा आजवर माझ्या नजरेतून सुटलेलं नाही."

कोणीतरी हसलं. डॉ. गर्गे हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी बाहेर आले तेवढ्यात गच्चीवर पळत गेलेला जीवन धापा टाकत खाली आला. तोंडावरचा रंग उडालेला.

"मॅडम, दोन्ही टाक्यांच्या मधला व्हॉल्व्ह सताड उघडा आहे," तो म्हणाला. "मी तो कधीच उघडा ठेवत नाही."

२

गच्चीवर दोन टाक्या. एकीत चांगलं पाणी, ते नळांना आणि थिएटरला जातं. दुसरीत गाळलेलं. गाळलेलं पाणी संपलंच तर चांगलं पाणी तिकडे सोडता यावं म्हणून मध्ये एक पाइप आणि त्याला हा व्हॉल्व्ह.

"आणि उलटं आलं तर?" मी विचारलं.

"येणार नाही. आत एकमार्गी झडप बसवलीय. तिकडे जाईल, इकडे फिरणार नाही."

"मला पटलं. गर्गे सरांना पटेल?"

तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला.

व्हॉल्व्ह कोणी उघडला ते मला पाचच मिनिटांत कळलं. दसऱ्याला धुलाईखाना बंद होता. धुलाई नाही म्हणजे सांडपाणी नाही, सांडपाणी नाही म्हणजे संडासाची टाकी कोरडी. मग तिथे पाणी नाही म्हणून त्या दिवशी सगळ्यांत आधी कोण वैतागलं असेल? मी सफाईच्या कुसाबाईला गाठलं.

"मीच उघाडला," कुसाबाईने कमरेवर हात ठेवून सांगितलं. "मंग काय करू? संडास धुवायला पाणी नाय आन् वार्डात पाव्हण्यांची जत्रा. बंद करायचा राहून गेला, तेवढं मात्र चुकलं."

"आठवडाभर?"

"बाई, माझ्या गुडघ्यांना विचारा ना तो जिना!"

आता पाणी उलटं फिरत नाही हे दाखवायचं कसं? नर्सच्या कपाटात त्याचा उपाय असतोच. जखमा धुवायचं जांभळं पोटॅशियम परमँगनेट. त्याची अख्खी बरणी मी गाळलेल्या पाण्याच्या टाकीत रिकामी केली, व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवला आणि तासभर वाट बघितली.

आधी बागेतला पाइप जांभळा झाला. मग पुरुषांच्या वॉर्डातून गोटीराम नावाचा एक गृहस्थ पायजम्याची नाडी धरून धावत आला. "ओ सिस्टर, डॉक्टरला बोलवा! माझ्यातून जांभळं जाऊ लागलं!" त्याची समजूत घालताना माझी हसून पुरेवाट झाली. बिचारा मुतखड्याचा पेशंट, त्यात हे.

संडास न् संडास जांभळा झाला. थिएटरच्या हात धुवायच्या नळाखाली मात्र मी पांढरी वाटी धरली तर पाणी नितळ. वॉर्डातले सगळे नळ नितळ. जीवन माझ्या मागे उभा होता. त्याने ती वाटी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

मी डॉ. गर्गेंना आणून दाखवलं. त्यांनी नीट बघितलं आणि चष्मा पुसला. "आज नाही फिरलं, सिस्टर. शनिवारी फिरलं नसेल कशावरून? ती चार माणसं आजारी आहेत, हे तर खरं आहे ना? मला खरं कारण आणून द्या. नाहीतर मीटिंगमध्ये मला कुणावर तरी बोट ठेवावं लागेल, आणि ते जीवनवरच असेल."

३

मी अकरा पेशंट कागदावर लिहून काढले. टॉन्सिल, गाठ, मुतखडा, बोटाचं फ्रॅक्चर, असे सात जण खडखडीत. चिघळलेले चार म्हणजे दोन हर्निया, एक अपेंडिक्स, एक गर्भाशय. डॉक्टर वेगवेगळे, वॉर्ड वेगवेगळे. सारखं एवढंच, की चौघांचीही पोटं उघडलेली.

पोटाचं ऑपरेशन आणि टॉन्सिल यांत, सामानाच्या दृष्टीने, फरक काय? हे मी थिएटरच्या इनचार्ज रूपालीला विचारलं. शिस्तीची पोरगी. केसाची बट कधी टोपीबाहेर दिसायची नाही.

"पोटाला मोठा ड्रम लागतो, मॅडम. चादरी जास्त, हत्यारं जास्त. बाकीच्यांना छोटे ड्रम पुरतात."

ड्रम म्हणजे स्टीलचे डबे. त्यांत कपडे आणि हत्यारं भरून ते ऑटोक्लेव्हमध्ये जातात. वाफेच्या दाबाने सगळं निर्जंतुक करणारं मशीन ते. आमचं जूनमध्येच नवं कोरं आलं होतं.

"ड्रम नीट शिजले होते?"

रूपालीने वही पुढे केली. ड्रमवर एक कागदी पट्टी चिकटवतात. पुरेशी वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. प्रत्येक खेपेची पट्टी तिने तारीख घालून वहीत चिकटवली होती. शनिवारची काळी, सोमवारची काळी.

"ही पट्टी कुठल्या ड्रमवरची?"

"वरच्या फळीवरच्या. हाताशी येतो ना तो."

"प्रत्येक ड्रमला लावत नाही?"

"एका खेपेला एक, मॅडम. सगळ्यांना एकच वाफ लागते."

हे मलाही तेव्हा पटलं. खोटं कशाला सांगू! मी वही मिटणार तेवढ्यात माझं लक्ष मागच्या गुरुवारच्या ओळीकडे गेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारानंतर मशीनची एकही खेप नव्हती. ते दोन दिवस मी रजेवर होते. मखमलाबादला भावाच्या मळ्यात झेंडूच्या माळा ओवत बसले होते. आमच्याकडे दसऱ्याला हात मोकळा ठेवायची कुणाची टाप नाही.

"गुरुवारी दुपारी मशीन बंद का होतं गं?"

रूपालीने वही स्वतःकडे ओढली. "सर्व्हिसिंग होतं, मॅडम."

कुसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "लाइट गेलती."

मशीन चालवणारे वाल्मीकभाऊ. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वाफ कमी धरत होतं, म्हणून थांबवलं."

एका दुपारची तीन कारणं! एकमेकांशी ठरवून खोटं बोलायचं तर निदान नीट ठरवा की. माझं डोकं सटकलं. एकवीस वर्षं एकही खाडा न केलेला माणूस, माझी सगळ्यांत शहाणी नर्स आणि तोंडावर खरं फेकणारी कुसाबाई, तिघंही माझ्यापासून काहीतरी दडवत होती.

४

शुक्रवारी सकाळी मी जीवनला घेऊन ऑटोक्लेव्हच्या खोलीत गेले. वाल्मीकभाऊ मशीन पुसत होते. बावन्न वर्षांचे, कपाळावर अष्टगंध, तोंडात नाव देवाचं. थिएटर बंद असलं तरी ते वेळेवर हजर होते.

आत शिरताच मला एक वास आला. कुकरची शिट्टी झाल्यावर स्वयंपाकघरात येतो तो.

"डबा गरम केला का कुणी इथे?"

"नाही बाई. इथे खायला बंदी आहे."

मी मशीनभोवती फिरले. दाराच्या मोठ्या चाकामागे, जिथे फडकं पोचत नाही तिथे, एक सुकलेली केशरी पाकळी अडकली होती. झेंडूची. चिमटीत धरून मी ती वाल्मीकभाऊंसमोर नेली. दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. सुतार करवतीची पूजा करतो, शेतकरी नांगराची, रिक्षावाला रिक्षाची. त्या दुपारपासून हत्याराला विश्रांती. आमच्या हॉस्पिटलमध्येही वर्षानुवर्षं चालायचं. यंदा मात्र डॉ. गर्गेंनी नोटीस लावली होती, थिएटरच्या भागात पूजाअर्चा बंद, मोडेल त्यावर कारवाई. गेल्या वर्षी उदबत्तीचा धूर थिएटरभर झाला होता, त्यांचंही चूक नव्हतं.

"खंडेनवमी केलीत ना?" मी विचारलं.

वाल्मीकभाऊ खाली बसले. "केली. रूपालीसिस्टर नको म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही. एकवीस वर्षं ज्याच्या जिवावर घर चाललं त्याला एक फूल वाहू नको? उदबत्तीसुद्धा लावली नाही, बाई. दोन दिवस त्याला आराम दिला. शनिवारी फुलं काढली, नीट पुसलं आणि काम सुरू केलं." मग त्यांनी मान वर केली. "पण तुम्हीच सांगा, पूजेने कुणाच्या पोटात पू होतो का?"

प्रश्न बरोबर होता. लपवालपवीचं कारण कळलं, जखमांचं नाही. मी जाता जाता मशीनच्या तीन फळ्यांकडे बघितलं आणि सहज विचारलं, "मोठे ड्रम कुठल्या फळीवर ठेवता?"

"खालच्या. जड असतात, वर उचलवत नाहीत."

मी जागीच थांबले. पोटाचे चारही ड्रम मोठे, आणि मोठे ड्रम खाली. वहीतली पट्टी मात्र नेहमी वरच्या फळीवरची.

"वाल्मीकभाऊ, तीन ड्रम भरा. तीन फळ्या, तीन पट्ट्या. मशीन लावा."

मशीन धडधडायला लागलं. दाबाचा काटा हिरव्या खुणेवर जाऊन बसला आणि तसूभर हलला नाही. पाऊण तास झाला. मग दार उघडलं, वाफ विरली. वरची पट्टी काळीकुळकुळीत. मधली तपकिरी. खालच्या ड्रमवरची पट्टी मी हातात घेतली आणि खिडकीशी नेऊन पुन्हा बघितली. तिच्यावरच्या रेघा रोलवरून फाडल्यासारख्या फिकट होत्या.

५

"असं कसं होईल?" वाल्मीकभाऊंनी काट्याकडे बोट दाखवलं. "काटा तर बरोबर होता!"

"दाब बरोबर होता," जीवन म्हणाला. यंत्राची गोष्ट निघाली आणि पोरगा बोलता झाला. "वाफ वरून भरते आणि आतली हवा खाली दाबत नेते. ती हवा तळातल्या भोकातून बाहेर जायला हवी. ती अडकली तर दाब तेवढाच दिसतो, पण खाली वाफ पोचतच नाही. हे बघा, तापमानाचं दुसरं घड्याळ आहे इथे. मघापासून खालीच घुटमळतंय."

"त्याच्याकडे मी बघत नाही. जुन्या मशीनला एकच घड्याळ होतं."

जुनं मशीन मला आठवलं. उभं पिंप, वर झाकण, तळाशी पाणी. घरचा कुकर मोठा केल्यागत. आणि एकदम तो खोलीतला वास माझ्या डोक्यात लख्ख झाला.

"वाल्मीकभाऊ, पूजेला काय काय वाहिलंत?"

"हळद, कुंकू, फूल, अक्षता."

"अक्षता कुठे?"

"दारावर. काट्यावर." ते घुटमळले. "आणि आत, पोटात. मूठभर. जुन्यालाही टाकायचो. दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर ओतून जायच्या."

"आणि नव्यातल्या?"

"वेचून काढल्या ना. दिसल्या तेवढ्या."

जीवनने पाना घेतला. मशीनच्या तळाशी, पुढच्या बाजूला, वाटीएवढी एक जाळी होती. ती त्याने फिरवून बाहेर काढली आणि माझ्या हातातल्या ट्रेमध्ये उपडी केली. पिवळट, घट्ट, चिकट गोळा. बाळाला भरवायची खिमट गार झाल्यावर दिसते तसा. मध्ये झेंडूच्या दोन पाकळ्या. न दिसलेल्या अक्षता भोकाकडे वाहून गेल्या होत्या आणि शनिवारपासून खेपेखेपेला शिजून फुगून जाळीत लिंपून बसल्या होत्या.

जाळी घासून परत बसवली. पुन्हा तीन ड्रम, तीन पट्ट्या, पाऊण तास. तिन्ही काळ्या.

कोडं सुटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण वाल्मीकभाऊ भिंतीला टेकून रडत होते. "चार माणसांच्या पोटात मी विष घातलं, बाई. माझ्या हाताने."

जीवन त्यांच्या शेजारी बसला. त्याची नोकरी वाचली होती, तरी तोंडावर समाधान नव्हतं. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्याने कपाटातून काढलं होतं. पहिल्याच पानावर चौकट होती. जाळी रोज काढून धुवा. दोन्ही घड्याळं बघा.

"भाऊ, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?" त्याने विचारलं.

"कोण सांगणार? मला इंग्रजी कुठे येतं?"

कोणी सांगायचं होतं, ते मला माहीत होतं. मी माझ्या ऑफिसात गेले आणि टेबलाचा खालचा खण ओढला. जूनमध्ये कंपनीचा माणूस मशीनची माहिती द्यायला आला, त्या दिवशी वॉर्डात गडबड होती म्हणून मी वाल्मीकभाऊंना स्ट्रेचर ओढायला पाठवलं होतं. माहिती मी ऐकून घेतली. त्याची मराठी यादी करून मशीनजवळ लावायचं काम माझं होतं. खणात तो कागद होता. वर 'रोजची कामे' असं लिहिलेलं, खाली एक आकडा आणि पुढे कोरं.

६

सोमवारी मीटिंगमध्ये मी ट्रे ठेवला, पट्ट्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. पाण्याचा दोष नाही हे सगळ्यांना पटलं. प्लांटचा विषय तिथेच मिटला. जीवन पहिल्यांदा बुटांवरून नजर उचलून सरळ समोर बघत होता.

"म्हणजे चूक ऑपरेटरची," डॉ. गर्गे म्हणाले. "नोटीस असताना पूजा केली, मशीनमध्ये तांदूळ टाकले. सिस्टर, नाव पूर्ण सांगा, म्हणजे ठरावात घेतो."

"छाया एकनाथ काठे," मी म्हटलं.

त्यांनी पेन थांबवलं.

मी तो कोरा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "वाल्मीकभाऊंनी अक्षता टाकल्या, खरं आहे. पण रोज जाळी धुतली असती तर शनिवारी सकाळीच सगळं निघालं असतं. जाळी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी चार महिने उद्यावर ढकललं. काढायचं तर आधी मला काढा. आणि मी हे रडून माफी मिळवायला सांगत नाहीये. लाज वाटतेय म्हणून सांगतेय."

 मग डॉ. गर्गेंनी चष्मा काढला. "मी नोटीस लावली नसती तर पूजा उघडपणे झाली असती," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी म्हणालं असतं, आत नको टाकू. कदाचित मीच म्हणालो असतो."

मला लेखी ताकीद मिळाली. मिळायलाच हवी होती. कुणाचीच नोकरी गेली नाही. यादी मी त्याच दिवशी लिहिली, मोठ्या अक्षरात, आणि वाल्मीकभाऊंकडून तीनदा वाचून घेतली. प्रत्येक ड्रमला पट्टी आली. आणि यापुढे हत्यारांची पूजा करायची ती उघड, सगळ्यांसमोर, मशीनचं दार बंद ठेवून, असंही ठरलं.

राहिले पेशंट. त्यांना खरं सांगायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, मी सांगते. वाल्मीकभाऊ म्हणाले, नाही बाई, मीही येतो.

तिघांनी ऐकून घेतलं. अपेंडिक्सवाल्या पोराचा बाप फार बोलला, आणि आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. शेवटी भागीबाई. तिची जखम आता स्वच्छ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाके घालायचे होते. वाल्मीकभाऊंनी हात जोडून सगळं सांगितलं. तांदूळ, जाळी, काटा, काही वगळलं नाही.

"मुडद्या!" भागीबाई कडाडली. "दोन आठवडे झाले, माझा ओटा दुसरीने बळकावलाय तिकडं! रात रात झोप नाय मला!"

"चुकलो, मावशी."

"चुकलो म्हणून माझं पोट शिवलं जाणार हाय का?" तिला धाप लागली. मी तिला पाणी दिलं. ती प्याली आणि वाल्मीकभाऊंकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "किती वर्सं करतो हे काम?"

"एकवीस."

"आन् आता ती जाळी धुतो का?"

"रोज. दोनदा."

"मंग उद्याचं माझं सामान तूच शिजवायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाय."

वाल्मीकभाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"अगं भागीबाई, यांनीच तर..." मी म्हटलं.

"तेच म्हनते मी. दुसरा येईल, त्याचं चुकायचं आजून राहिलं आसल. ह्याचं चुकून झालंय."

वाल्मीकभाऊंनी डोळे पुसले आणि पहाटे पाचला येतो म्हणून सांगितलं. मग मी भागीबाईची पट्टी बदलायला घेतली.